गाडीचा पार्ट नावावर नव्हे, नंबरावर घ्या

घरच्या घरी गाडीचे प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड बदलणाऱ्यांची मजुरी वाचते, गाडीची ओळखही होते. मात्र खरी अडचण पान्याची नसून पार्टची असते. ‘स्विफ्टचे ब्रेक पॅड द्या’ एवढेच सांगून माल घेणारे गिऱ्हाईक पुष्कळदा तो बदलायला परत येते.

कारण स्विफ्ट एक नाही. ही गाडी आपल्या देशात २००५ साली आली; पुढे २०११, २०१८ आणि २०२४ साली तिचे मॉडेल बदलले. २०११ मध्ये नोंदलेली गाडी जुनी की नवी, हे नुसत्या सालावरून ठरत नाही. म्हणून आमचा आग्रह असा की, आर.सी. बुकावरचा चेसिस नंबर लिहून न्यावा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, तेव्हा गोल दिसेल ते शून्यच समजावे. या नंबरावरून कॅटलॉगमध्ये नेमका पार्ट नंबर सापडतो. तो एकदा वहीत टिपला की पुण्याच्या नाना पेठेत असो की मुंबईत ऑपेरा हाऊसला, चार दुकानांत भाव विचारता येतो. जुना पार्टही पिशवीत असू द्यावा.

एका अक्षराने काय बिघडते ते प्लगमध्ये पाहा. एन.जी.के.चे ‘बीपीआर ६ ईएस’ आणि ‘बीपीआर ६ एचएस’ हे दोन्ही प्लग १४ मिलिमीटर आट्यांचे. पण पहिल्याच्या आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, दुसऱ्याची १२.७. आखूड प्लगच्या जागी लांब बसवला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो. मधला ६ हा उष्णतेचा आकडा. एन.जी.के.मध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमके उलटे! मेकर बदलताना आकडा जुळवून भागत नाही.

ओरिजिनल की लोकल? मोटार कंपन्या प्लगसारख्या कित्येक वस्तू बॉश, डेन्सो अशा मेकरकडून घेतात. तोच माल मेकरच्या स्वतःच्या खोक्यात अनेकदा स्वस्त मिळतो. तो जरूर घ्यावा. रबरी मॅट, मडफ्लॅप लोकल चालतील. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र आम्ही लोकल मालाची शिफारस करणार नाही. खोक्यावर एक नंबर आणि पार्टवर दुसरा असेल, किंवा भाव छापील किमतीच्या निम्माच असेल, तर तो माल तिथेच ठेवावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या पार्टवर १८ टक्के जी.एस.टी. आहे. तेवढे वाचवायला बिलाशिवाय माल घेतला, तर खराब निघालेला पॅड परत कोण घेणार?

ब्रेक ऑइलचा डबा लहान आणि सीलबंद घ्यावा. उघडलेले ऑइल हवेतला ओलावा शोषते. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असेल तर तेच न्यावे. आकडा मोठा म्हणून डॉट ५ घेऊ नये. ते सिलिकॉनचे असते, या ऑइलमध्ये मिसळत नाही.