पांढऱ्याचे चार हात

ब्रशनं रंगवणाऱ्याला सगळ्यात जड कोणता रंग जातो? पांढरा. काळा एका हातात झाकतो, राखाडी दोन हातांत बसतो. पांढरा पातळ केला की खालचं सगळं दाखवतो आणि दाट ठेवला की ब्रशच्या केसांच्या रेघा धरून बसतो. आणि जपानच्या ज्या यंत्रमानवाची प्लास्टिक किट्स चार दशकांहून जास्त काळ जगभर जोडली जात आहेत, तो गंडम नेमका पांढरा. छाती निळी, पोट आणि पावलं लाल, छातीवरच्या झडपा पिवळ्या. बाकी डोकं, दंड, मांड्या, नडग्या, सगळं पांढरं. प्रदर्शनासाठी गंडम हातानं रंगवायला घेतला की सर्वांत अवघड रंगाशीच आधी गाठ पडते.

हा गंडम मुळात टीव्हीवरचा. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची. तोवर मुलांच्या मालिकांतला महाकाय यंत्रमानव म्हणजे अजिंक्य वीर असायचा. तोमिनोंनी त्याला युद्धसामग्री करून टाकलं: कारखान्यात तयार होणारी, मार खाणारी, दारूगोळा संपला की हतबल होणारी. प्रेक्षक आधी फारसे फिरकले नाहीत. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत आटोपली. पुनःप्रक्षेपणात मात्र तरुणांनी ती डोक्यावर घेतली आणि जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीनं पहिलं किट बाजारात आणलं. प्रमाण १/१४४, किंमत ३०० येन.

त्या डब्यातलं प्लास्टिक पांढरं होतं आणि सोबत चिकटवायचा गोंद होता. निळा, लाल, पिवळा ज्याचा त्यानं आणून लावायचा. म्हणजे किट घेतलेल्या मुलाला टीव्हीवरचा गंडम हवा असेल, तर ब्रश हातात धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रणगाडे आणि विमानांच्या किट्सवर हात बसलेली थोडी मोठी मंडळीही याच सुमारास गंडमकडे वळली. ‘हॉबी जपान’ मासिकातून त्यांचं काम छापून येऊ लागलं. रणगाड्याला जशी धूळ, गंज, उडालेला रंग दाखवायचा, तसाच त्यांनी यंत्रमानवालाही दाखवला. अशाच ‘स्ट्रीम बेस’ नावाच्या एका गटातले कात्सुमी कावागुची पुढे १९८५ मध्ये बंदाईतच नोकरीला लागले आणि या छंदाचा ओळखीचा चेहरा झाले. तोमिनोंनी कथेत मांडलेली गोष्ट, की हे यंत्र वापरात असलेलं, झिजलेलं आहे, ती या मंडळींनी रंगातून खरी करून दाखवली. माझ्या मते गंडम टिकला त्यात मालिकेइतकाच या रंगकामाचा वाटा आहे.

कारखानाही स्वस्थ बसला नव्हता. बंदाईचं किटचं काम चालतं शिझुओका शहरात. १९६९ मध्ये इमाई कंपनीचा तिथला कारखाना घेऊन बंदाईनं तिथे पाय रोवले. शिझुओका हे सुतारकामाचं जुनं गाव. लाकडाच्या धंद्यातून खेळण्यातल्या लाकडी जहाजांकडे आणि तिथून प्लास्टिककडे असा इथल्या कंपन्यांचा प्रवास. १९४६ मध्ये लाकूड कापणाऱ्या उद्योगातून उभ्या राहिलेल्या तामियानं १९६० मध्ये आपलं पहिलं प्लास्टिक किट काढलं, ‘यामातो’ या युद्धनौकेचं. आओशिमा, फुजिमी आणि शेजारच्या याइझूतली हासेगावा या कंपन्याही याच पट्ट्यातल्या. शहराला याचा अभिमान इतका, की तिथे एक टपालपेटी आणि एक टेलिफोन बूथ किटच्या चौकटीत अडकलेल्या सुट्या भागांसारखे मांडून ठेवलेत.

इथल्याच कारखान्यातून १९९० मध्ये आलेल्या ‘हाय ग्रेड’ गंडमला गोंद लागत नव्हता. भाग एकमेकांत दाबून बसत आणि साच्यातून एकाच चौकटीत चार रंगांचं प्लास्टिक बाहेर पडत असे. २०१० च्या ‘रिअल ग्रेड’मध्ये तर तळहाताएवढ्या आकृतीत आतला सांगाडाही आला. आज किट उघडून संध्याकाळपर्यंत जोडलं तर हातात पूर्ण रंगीत गंडम उभा असतो. ही कारागिरी थक्क करणारी आहे, याबद्दल वाद नाही.

मग रंगवायचं कशाला? कथेतला गंडम १८ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढा. १/१४४ प्रमाणात तो होतो साडेबारा सेंटीमीटर. आकार कमी झाला तरी प्रकाश कमी होत नाही. पातळ पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आरपार झिरपतो, कडा दुधाळ दिसतात, पृष्ठभाग चकाकतो आणि डोळा लगेच ओळखतो की हे खेळणं आहे. सहा मजली पोलादी यंत्राला लांबून पाहिलं, तर मधल्या हवेमुळे त्याचे रंग थोडे उतरलेले, राखाडीकडे झुकलेले दिसतील. कोनाकोपऱ्यांत सावल्या साठलेल्या असतील. साडेबारा सेंटीमीटरमध्ये हे सगळं आपोआप येत नाही, ते रंगवूनच आणावं लागतं. साच्यातून आकार मिळतो, वजन रंगातून येतं.

कामाला सुरुवात होते रंगाच्या खूप आधी. भाग चौकटीपासून निपरनं, म्हणजे कापायच्या बारीक पकडीनं, दोनदा कापायचा: आधी लांबून, मग जवळून. एकदाच अंगासरशी कापला तर प्लास्टिकवर ताणाचा पांढुरका डाग उमटतो. उरलेला खुंट पात्यानं तासून ४००, ६००, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा. दोन अर्ध्या भागांमधला सांधा दिसत असेल तर तो चिकटवून, वाळवून, घासून नाहीसा करायचा. साबणाच्या पाण्यात सगळे भाग धुवायचे, कारण साच्याचं तेल आणि बोटांचं तेल, दोन्हींवर रंग धरत नाही. मग प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, राखाडी हात. प्रायमर बसला की विसरलेला प्रत्येक ओरखडा वर येतो आणि पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यावा लागतो.

आता नडगीचा भाग घ्या, जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. तो क्लिपमध्ये धरून बांबूच्या काडीवर उभा केलेला. जपानी लॅकर रंग असेल तर त्यात उशिरा वाळणारा थिनर मिसळतात, साधारण निम्मा-निम्मा. रंगाला सपाट व्हायला वेळ मिळाला की ब्रशच्या रेघा आपोआप बसतात. चपटा मऊ ब्रश रंगात बुडवायचा, टिश्यूवर टेकवून जास्तीचा रंग काढायचा आणि वरून खाली एकच ओढ. परत फिरायचं नाही. लॅकरचा थिनर खालचा थरही विरघळवतो. अर्धवट वाळलेल्या जागी ब्रश पुन्हा गेला की रंग गोळा होऊन फाटतो.

पहिला हात बघवत नाही. राखाडीवर पांढरी जाळी, मध्ये उघडे चट्टे. इथेच नवखा माणूस घाबरून दाट रंग थापतो आणि भाग वाया जातो. जुना माणूस काडी बाजूला ठेवून दुसरा भाग उचलतो. पहिला पूर्ण वाळला की दुसरा हात आडवा. तिसरा पुन्हा उभा. चौथ्या हाताला पांढरा भरून येतो, पण सारखा नाही. कडेला, खाचेपाशी त्यानं मुद्दाम रंग कमी पोचवलेला असतो. तिथे खालचा राखाडी किंचित डोकावतो आणि न रंगवता सावली मिळते. एअरब्रशचा फवारा यापेक्षा कितीतरी सफाईदार असतो, पण मला ब्रशचाच पृष्ठभाग आवडतो. जवळून पाहिलं तर त्या पांढऱ्यात चार-पाच पांढरे दिसतात आणि त्यामुळे सपाट पत्रासुद्धा जिवंत वाटतो. ‘माशिनेन क्रीगर’ या विज्ञानकथेतल्या यंत्रांचे जनक कोऊ योकोयामा यांचं नाव ब्रशकाम करणारे आदरानं घेतात ते याचसाठी. १९८२ मध्ये ‘हॉबी जपान’मधून त्यांची यंत्रं लोकांसमोर आली आणि ब्रशच्या खुणा लपवायच्या नसतात, त्या पृष्ठभागाचा भाग असतात, हे त्यांच्या कामानं पटवून दिलं.

लॅकर वाळला की पत्र्यांमधल्या बारीक खाचांत पातळ गडद एनॅमल सोडायचं. ब्रशचं टोक खाचेला टेकवलं की रंग आपणच रेघभर धावतो. बाहेर सांडलेला रंग एनॅमलच्या थिनरमध्ये भिजवलेल्या इअरबडनं पुसायचा. हा थिनर सौम्य, खालच्या लॅकरला तो धक्का लावत नाही. मात्र सांध्यांपाशी जपावं लागतं. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकमध्ये तो झिरपला की भाग तडकतो. सांध्यांची आणखी एक अडचण म्हणजे रंगालाही जाडी असते. खांद्याच्या आतली बाजू आधीच घासून ढिली केली नाही, तर हात पहिल्यांदा वर करताच रंग खरवडून निघतो. डोळे राहतात सर्वांत शेवटी, लांब बारीक टोकाच्या ‘मेन्सो’ ब्रशनं. जपानी चित्रांत आणि बाहुल्यांवर चेहरा रेखायचा हा पारंपरिक ब्रश.

दर मे महिन्यात शिझुओकाच्या ट्विन मेसे सभागृहात हॉबी शो भरतो. कंपन्या नवी किट्स मांडतात, पण शनिवार-रविवारी गर्दी उसळते ती शेजारच्या दालनात. १९९० पासून तिथे देशोदेशींच्या मॉडेलर्स क्लबांचं एकत्र प्रदर्शन भरतं. लांबच लांब टेबलं, त्यांवर रणगाडे, जहाजं, मोटारी आणि गंडम खांद्याला खांदा लावून. रंगवणारा टेबलामागेच उभा असतो. लोक वाकून, श्वास रोखून पाहतात आणि विचारतात: खाली कोणता रंग दिलाय? थिनर किती? शेवटी चकाकी मारायला मॅट कुठला? रंगवणारेही सगळं मोकळेपणानं सांगतात. दूरवरून आलेल्यांच्या पिशवीत रंगाची छोटी बाटली आणि गोंद असतोच, कारण प्रवासात गंडमच्या कपाळावरची एखादी शिंग-पट्टी निसटतेच.

आपल्याकडे हे काम करू पाहणाऱ्यांना ब्रशचा मोठा आधार आहे. एअरब्रशला कॉम्प्रेसर हवा, फवारा बाहेर ओढणारा पंखा हवा, शेजाऱ्यांची सहनशीलता हवी. ब्रशला डोंबिवलीच्या वन बीएचकेमधलं खिडकीजवळचं टेबल पुरतं. लॅकरचा वास उग्र असतो. घरात लहान मूल असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वापरावेत. प्रायमर नीट दिला तर तेही छान धरतात आणि वाळले की पुढच्या हातानं विरघळत नाहीत. शेवटचा मॅट हात मात्र स्प्रेचा असेल तर दमट हवेत तो दुधाळ पडतो आणि सगळ्या मेहनतीवर धुकं बसतं. जपानमध्ये पावसाळा जूनमध्ये लागतो, त्यामुळे मेचं प्रदर्शन बरोबर आधी येतं. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी तो हात मृगाच्या आत उरकावा, नाहीतर सरळ दसऱ्यापर्यंत थांबावं.