चालतें यंत्र आणि नवी प्रणाली

२०२५ च्या दिवाळींत अंबरनाथच्या आमच्या घरीं फराळापेक्षां संगणकाचीच चर्चा अधिक झाली. ‘विंडोज १०’ या प्रणालीची मोफत डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर रोजीं थांबविली होती. यंत्र त्यामुळें बंद पडत नाहीं. मात्र प्रणालींत नव्यानें सांपडणारीं छिद्रें बुजविलीं जात नाहींत. बदलापूरचे आमचे धाकटे बंधु म्हणाले, “अण्णा, चालत्या गाड्याला खीळ कां घालतां?” चिरंजीवांचें म्हणणें उलट : बँकेचे सारे व्यवहार याच यंत्रावर होतात, तेथें छिद्र राहून कसें चालेल? आम्हांस चिरंजीवांचें पटलें.

पण ‘विंडोज ११’ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमचें यंत्र २०१५ चें. म्हणजे प्रणाली फुकट, यंत्र मात्र विकत! घरगुती ग्राहकांस कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत संरक्षणाची मुदतवाढ देऊं केली होती. तिची नोंदणी सूनबाईंनीं केली. त्या अवधींत नव्या यंत्रापुरते पैसे सांठवावे आणि पुढें जुन्याचें इंटरनेट तोडून त्यावर आम्ही आमचीं सुभाषितें उतरवावीं, असें ठरलें. बंधूंनीं मात्र तें यंत्र बदलापुरास हवें म्हणून तेव्हांच सांगून ठेविलें.