मुळशीच्या डोंगरउतारावर सेंद्रिय कॉफी : महिला उत्पादकांनी प्रथम करावयाचा विचार

कॉफी हे मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारे बहुवर्षायू पीक होय. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून आणलेल्या बियांपासून चिक्कमगळूरच्या डोंगरात या पिकाचा आरंभ झाला, असे परंपरा सांगते. आज देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. महाराष्ट्रात कॉफीच्या बागा मेळघाटातील चिखलदऱ्यास आहेत. पूर्व घाटात अराकू खोऱ्यातील आदिवासी कुटुंबे लहान लहान तुकड्यांवर झाडांच्या सावलीत कॉफी पिकवितात, व तेथील अरेबिका कॉफीस २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. ही उदाहरणे पाहून सह्याद्रीतील महिला बचत गटांच्या मनात या पिकाविषयी उत्सुकता उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु मुळशी तालुका हा भात, नाचणी व वरईचा मुलूख. येथे कॉफी हे रुळलेले पीक नव्हे. म्हणून गटाची बचत रोपांत गुंतविण्यापूर्वी पुढील गोष्टी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हवामान व जमीन

कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत. अरेबिकास साधारणपणे १,००० ते १,५०० मीटर उंची व थंड हवा मानवते. त्याहून सखल भागात तिच्यावर तांबेरा व खोडकिडा यांचा उपद्रव वाढतो. रोबस्टा ५०० ते १,००० मीटर उंचीवर येते व तांबेऱ्यास बऱ्याच अंशी दाद देत नाही. मुळशी जलाशयाचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेव्हा केवळ उंचीचा विचार केल्यास येथे रोबस्टाचाच प्रयोग संभवतो.

मात्र खरी अडचण पावसाच्या वाटणीत आहे. ताम्हिणीकडील भागात चार महिने मुसळधार पाऊस कोसळतो आणि पुढे जवळजवळ आठ महिने जमीन कोरडी राहते. कॉफीच्या मुळ्या वरच्या थरात पसरतात. त्यांना साचलेले पाणी सोसत नाही आणि दीर्घ कोरडही सोसत नाही. यासाठी पाण्याचा निचरा होणारी, पालापाचोळ्याने समृद्ध अशी उताराची जमीन निवडावी, व उताराला आडवे चर खणून माती अडवावी. भातखाचरात कॉफी कदापि लावू नये.

फुलोऱ्याचे पाणी

रोबस्टाच्या कळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होऊन थांबतात. त्या उमलण्यास साधारण २५ ते ४० मिलिमीटर पाऊस लागतो, व तीन-चार आठवड्यांनी दुसरी सर आली म्हणजे फळ टिकते. कर्नाटकातील कॉफीच्या प्रदेशात वळवाच्या सरी पुष्कळदा हे काम करतात. मुळशीत मार्चमध्ये त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे हे पाणी आपणच द्यावयाचे.

याचा हिशेब मांडून पाहावा. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावर २५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे १२,६०० लिटर लागते. १५ लिटरचा हंडा धरला तर हे ८४० हंडे झाले, आणि तेही एका पाळीचे. केवळ आळ्यात पाणी दिल्यास आकडा कमी होईल, तथापि भार लहान राहणार नाही. उन्हाळ्यात घरचे पाणी भरण्याचे काम आधीच स्त्रियांकडे असते. तेव्हा शेततळे, टाकी किंवा नळाची सोय नसेल तेथे कॉफी लावणे म्हणजे स्त्रियांच्या डोक्यावर आणखी ओझे ठेवणे होय. ज्या गटाजवळ मार्च-एप्रिलचे पाणी नाही, त्याने हा प्रयोग हाती न घेणेच हितावह.

लागवड व निगा

पाण्याची सोय असल्यास प्रत्येक सभासद स्त्रीने प्रथम पाच गुंठ्यांवरच लागवड करावी. ३ मीटर बाय ३ मीटर अंतर ठेवल्यास तेवढ्या जागेत सुमारे ५५ रोपे बसतात. रोबस्टात परपरागीभवन होते. एकाच झाडापासून कलमाने केलेली रोपे लावल्यास फळ धरत नाही. म्हणून निरनिराळ्या मातृवृक्षांची रोपे मिसळून लावावीत व मधमाश्यांना जपावे.

पांगारा, फणस, उंबर यांसारख्या झाडांची विरळ सावली उपयोगी पडते. असलेली झाडे तोडू नयेत. पावसाळ्यात सावली फार दाट राहिल्यास काळी कूज हा रोग बळावतो. म्हणून पावसापूर्वी सावलीच्या फांद्या विरळ कराव्यात, झुडपाचा मध्यभाग मोकळा ठेवावा व जरूर तर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. सेंद्रिय पद्धतीत तांब्याचा वापर मर्यादेतच करावयाचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

दरवर्षी प्रत्येक झाडास कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे आणि पावसाळा संपताच बुंध्याभोवती पाल्याचे जाड आच्छादन करावे. फळपोखर किडीवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झाडावर व जमिनीवर उरलेले प्रत्येक फळ वेचून काढणे.

पहिले फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. तोवर ओळींत हळद किंवा आले घ्यावे व सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवावेत. पूर्ण लाल झालेलीच फळे तोडावीत. साधारण ५ ते ६ किलो ताज्या फळांपासून १ किलो स्वच्छ कॉफी मिळते, हे किंमत ठरविताना विसरू नये. फळे मातीवर न पसरता स्वच्छ खळ्यावर किंवा उंच मांडवावर वाळवावीत.

प्रमाणपत्र व सातबारा

बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणून दर मिळण्यासाठी प्रमाणपत्र लागते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार बहुवर्षायू पिकांस सामान्यतः तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. लहान उत्पादकांना गटाने प्रमाणपत्र घेता येते. परंतु त्यासाठी प्रत्येकीच्या शेताची नोंदवही नियमाने ठेवली पाहिजे. शेणखत कोठून आणले, काय फवारले, किती फळे तोडली, हे त्याच दिवशी लिहावे.

येथेच एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. जमीन पतीच्या नावे असेल तर श्रम स्त्रीचे व पावती दुसऱ्याची, असे घडते. महाराष्ट्र शासनाने १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजनेद्वारे पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दाव्याचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविला जातो. पेरू देशाच्या उत्तर भागात २००३ साली चारशेहून अधिक स्त्री-उत्पादकांनी आपली कॉफी पुरुषांच्या कॉफीपासून वेगळी विकण्याचा निश्चय केला, तेव्हापासून त्यांच्या मालाला व त्यांच्या शब्दाला स्वतंत्र ओळख लाभली. आपल्या गटांनीही रोपे आणण्यापूर्वी सातबारा पाहावा, आणि विक्रीची रक्कम काम करणारीच्याच खात्यावर जमा होईल असा ठराव करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाताचे वा नाचणीचे क्षेत्र मोडून कॉफी लावण्याचा सल्ला कोणासही देऊ नये. बांधाच्या वरचा सावलीचा उतार, उन्हाळ्याचे पाणी आणि स्त्रीच्या नावाची नोंद या तीन गोष्टी जेथे एकत्र असतील तेथे पाच गुंठ्यांचा प्रयोग करावा, चार वर्षे त्याचा जमाखर्च लिहावा, व मगच क्षेत्र वाढवावे की नाही हे गटाने बैठकीत ठरवावे.