पाटी तीच, मग कॉफी वेगळी का?

गेल्या जुलैत एकाच आठवड्यात मी एकाच नावाच्या दोन कॉफी शॉपमध्ये गेलो. एक पुण्यात घराजवळचं, दुसरं द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमधलं. पाटी तीच, खुर्च्या त्याच, पोरांचे एप्रनही त्याच रंगाचे. घराजवळची कापुचिनो मऊ आणि गोडसर होती. फूड मॉलमधली जळकट कडू, वर फेसाचा कोरडा ढीग. रांगेत मागे उभ्या असलेल्या एक काकू आपल्या मुलीला समजावत होत्या, “ब्रँडेड आहे ना, मग सगळीकडे सारखीच असणार.”

हे वाक्य आपण सगळेच बोलतो, पण ते खरं नाही. त्यावर विसंबून राहिलो की आपण चुकीच्या माणसावर चिडतो आणि चुकीच्या दारात तक्रार करतो. म्हणून या धंद्याबद्दलचे काही गैरसमज नीट उलगडायला हवेत.

‘नाव एक, म्हणजे मालक एक’

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हा. त्याची दुसरी बाजू म्हणजे ‘साखळी दुकान म्हटलं की फ्रँचायझी असणारच’. जमीन विकून हातात पैसे आलेल्या एका परिचितांनी मला विचारलं होतं, “स्टारबक्सची फ्रँचायझी कितीला पडते?” उत्तर असं, की भारतात ती मिळतच नाही. टाटा आणि स्टारबक्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे आणि दुकानं तीच चालवते. त्यातलं पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालेलं कॅफे कॉफी डे हेही मुख्यतः कंपनीनेच चालवलेल्या दुकानांवर वाढलं. याउलट कोस्टा हा लंडनमधला ब्रँड. भारतात तो देवयानी इंटरनॅशनल ही कंपनी फ्रँचायझी म्हणून चालवते. हीच कंपनी केएफसी आणि पिझ्झा हटचीही दुकानं चालवते. म्हणजे फ्रँचायझीवालासुद्धा कधी कोपऱ्यावरचा एकटा दुकानदार असतो, तर कधी शेकडो दुकानांची मोठी कंपनी.

मग आपण ज्या दुकानात बसलो आहोत ते कोणाचं, हे कळायचं कसं? पाटीवरून कळत नाही, बिलावरून कळतं. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. एकाच नावाच्या दोन दुकानांची बिलं शेजारी ठेवा. ही मधली दहा अक्षरं वेगळी असतील, तर मालक वेगळे. त्या पंधरांपैकी सहावं अक्षर पाहा. ते ‘सी’ असेल तर मालक कंपनी आहे, ‘एफ’ असेल तर भागीदारी संस्था आणि ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की लॉगिन न करताही मालकाचं कायदेशीर नाव दिसतं.

मी त्या दोन कॉफींची बिलं अशी शेजारी ठेवली. दहाची दहा अक्षरं वेगळी होती.

‘मशीनच सगळं करतं, मग चव बदलेलच कशी?’

घराजवळच्या दुकानात सकाळी साडेसातला मी काउंटरसमोर उभा होतो. बाहेर पावसाची झड लागली होती. काउंटरवरच्या मुलाने पहिला शॉट काढला, छोट्या वजनकाट्याकडे आणि घड्याळाकडे पाहिलं, आणि तो सिंकमध्ये ओतून टाकला. ग्राइंडरची कडी जराशी फिरवली. दुसरा शॉट काढला, चाखला, तोही ओतला. तिसरा मला दिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “सर, काल ऊन होतं, आज पाऊस आहे. कालच्या सेटिंगवर आज चालत नाही.”

सगळी गोम त्याच्या या वाक्यात आहे. एस्प्रेसो काढताना साधारण १८ ग्रॅम कॉफीची पूड घट्ट दाबतात आणि तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सियस तापमानाचं पाणी ९ बार दाबाने सोडतात. शॉट २५ ते ३० सेकंदांत उतरावा लागतो. पूड फार बारीक झाली तर पाणी अडतं, वेळ लांबतो आणि कॉफी कडू होते. जाड झाली तर पाणी झरकन निघून जातं आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. कॉफी हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे पाणी उतरण्याचा वेग हवेबरोबर बदलतो. बिया भाजून किती दिवस झाले, पाकीट कधी फोडलं, यानेही तो बदलतो. मशीन दाब आणि तापमान सांभाळतं, पण दळणं जुळवण्याचं काम बहुतेक ठिकाणी माणसालाच करावं लागतं. बटण दाबताच कॉफी देणारी मशीनंही अधूनमधून जुळवावी लागतात आणि त्यांच्या दुधाच्या नळ्या तर रोजच धुवाव्या लागतात.

पाण्याकडे तर आपलं लक्षच जात नाही. काळ्या फिल्टर कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. धरणाचं मऊ पाणी आणि बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी, या दोन्हींत एकाच पाकिटातली पूड वेगळी उतरते. त्यासाठी मशीनच्या आधी फिल्टर बसवतात. त्याचं कार्ट्रिज ठरावीक मुदतीत बदलावं लागतं आणि त्याचे पैसे दुकान चालवणाऱ्याच्या खिशातून जातात. तो एक महिना ‘चालेल अजून’ म्हणाला, की गिऱ्हाइकाच्या जिभेला फरक कळतो, कारण मात्र कळत नाही.

दुधाचंही तसंच. वाफेने ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवलेलं दूध गोडसर लागतं. ७० च्या वर गेलं की त्याला उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेस कोरडा पडतो. आपल्याला चहाची सवय, म्हणून आपण ‘एकदम कडक गरम’ मागतो. मागायला हरकत नाही, पण मग चव बदलणार. तो दोष दुकानाचा नव्हे.

एकसारखेपणा माणसांच्या हातात असतो, हे स्टारबक्सला फार मोठी किंमत मोजून कळलं. २००७ मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष हॉवर्ड शुल्ट्झ यांनी कंपनीतल्या वरिष्ठांना एक पत्र लिहिलं. नव्या उंच स्वयंचलित मशीनमुळे कॉफी करणारा माणूस गिऱ्हाइकाला दिसेनासा झाला आणि हवाबंद पाकिटांतल्या कॉफीमुळे दुकानातला वास गेला, अशी त्यांची खंत होती. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी २००८ रोजी, कंपनीने अमेरिकेतली स्वतःची सुमारे ७,१०० दुकानं संध्याकाळी तीनेक तास बंद ठेवली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना एस्प्रेसो नीट काढण्याचे धडे पुन्हा दिले. यातला ‘स्वतःची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परवान्यावर दुसऱ्यांनी चालवलेली दुकानं, विमानतळांवरची वगैरे, यात धरलेली नव्हती.

‘फ्रँचायझी म्हणजे सेवा हलकीच’

असंही नाही. डंकिन या अमेरिकी कॉफी साखळीचं पहिलं दुकान १९५० साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात निघालं आणि १९५५ पासून त्यांनी फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली. आज तो धंदा जवळपास पूर्णपणे फ्रँचायझीवर उभा आहे. कॅनडातली टिम हॉर्टन्स १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात सुरू झाली. तिथली दुकानंही बहुतेक सगळी फ्रँचायझीवाल्यांचीच. हॅमिल्टनमधलेच एक पोलीस, रॉन जॉइस, यांनी पहिलं दुकान चालवायला घेतलं आणि दोनेक वर्षांत ते कंपनीचे भागीदार झाले. किटलीतली कॉफी वीस मिनिटांनी ओतून द्यायची, हा त्यांच्याकडचा नावाजलेला नियम. मालक स्वतः गल्ल्यावर असेल, तर असा नियम पगारी मॅनेजरपेक्षाही कसोशीने पाळला जाऊ शकतो.

खरी अडचण हिशेबाच्या रचनेत आहे. फ्रँचायझीवाला ब्रँडला रॉयल्टी देतो ती नफ्यावर नव्हे, विक्रीवर. अमेरिकेत डंकिनची रॉयल्टी ५.९ टक्के आहे आणि जाहिरातीसाठी आणखी ५ टक्के घेतात. म्हणजे शंभराची विक्री झाली की अकराच्या आसपास वर गेले, मग महिन्याअखेरीस दुकानात काही उरो न उरो. ब्रँडला विक्री वाढायला हवी असते आणि मालकाला खर्च कमी व्हायला हवा असतो. दुधाची नासाडी, फिल्टरचं कार्ट्रिज, सिंकमध्ये ओतलेले दोन शॉट, संध्याकाळच्या गर्दीतला एक जादा माणूस हे सगळं त्याच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलेलं असतं. चव आणि सेवा घसरते ती इथून.

‘पोरंच कामचुकार आहेत’

हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात किमान वेतन ताशी ११.६० डॉलरवरून १४ डॉलर झालं. कोबर्ग गावातल्या टिम हॉर्टन्सच्या दोन दुकानांच्या मालकांनी त्याची भरपाई म्हणून कर्मचाऱ्यांना कामादरम्यानच्या विश्रांतीच्या वेळेचा मिळणारा पगार आणि सवलती कापल्या. देशभर निदर्शनं झाली, लोक कंपनीवर संतापले, कंपनीने फ्रँचायझीवाल्यांकडे बोट दाखवलं आणि फ्रँचायझीवाल्यांनी कंपनीने बांधून दिलेल्या किमतींकडे. या ओढाताणीत काउंटरवरच्या माणसाला कोणीच विचारलं नाही, आणि गिऱ्हाइकासमोर उभा मात्र तोच होता.

आपल्याकडेही काउंटरवरचा मुलगा एका हाताने तुमची ऑर्डर घेत असतो आणि शेजारच्या टॅबवर डिलिव्हरीच्या ऑर्डरी वाजत असतात. त्या दिसत नसल्या तरी त्याही रांगेतच असतात. शिफ्टमध्ये माणसं किती ठेवायची हे तो ठरवत नाही. फूड मॉलमध्ये मी गेलो तेव्हा तीन मशीनवाल्या काउंटरमागे दोनच मुलं होती आणि बाहेर दोन बसगाड्या नुकत्याच थांबल्या होत्या. माझी कॉफी जळली यात नवल नव्हतं. त्या मुलावर ओरडून ती सुधारलीही नसती.

‘बिलात आलं म्हणजे द्यावंच लागतं’

हे थोडक्यात. सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज, हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की हॉटेल किंवा रेस्टॉरंटला तो बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या. जीएसटी मात्र कर आहे, तो द्यावाच लागतो. बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तक्रार करायची वेळ आली, तर बिलावरचं कायदेशीर नाव आणि ब्रँडची कंपनी अशी दोन्ही नावं लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अर्थात, बिघडलेल्या एका कपासाठी तिथवर जायची गरज सहसा पडत नाही. अर्धी कॉफी पिऊन, घरी येऊन एक तारा देण्यापेक्षा पहिल्या घोटालाच काउंटरवर सांगा: “दादा, फार कडू उतरली आहे, पुन्हा करून देता का?” चांगल्या दुकानात ती बदलून मिळते. कुठे बिघडलंय हे त्या मुलालाही तेव्हाच कळतं, आणि तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कपात तरी नीट कॉफी पडते.