‘हरताळ फासला’ म्हणजे नेमकं काय फासलं?

‘नियमांना हरताळ फासला’ हे वाक्य पेपरात नेहमी असतं, आणि रेक्टरांच्या नोटिशीतही! दुकानं बंद ठेवतात तो हरताळ वेगळा. फासायचा हरताळ म्हणजे एक पिवळंधमक खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत आणि वर पुन्हा लिहीत. थोडक्यात, पिवळा व्हाइटनर. आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेत (स्थापना १९१७) सुमारे २८ हजार हस्तलिखितं आहेत. जुन्या कागदी पोथ्यांत हे पिवळे पट्टे अजून ताजे दिसतात.

हरताळात दोन आर्सेनिकमागे तीन सल्फर. वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिकच. पण पाण्यात आणि पातळ आम्लात तो जवळजवळ विरघळत नाही, म्हणून टिकला. शिवाय कीड लांब राहते.

आता सॉल्ट अ‍ॅनालिसिस आठवा. दुसऱ्या ग्रुपला तो सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस सोडल्यावर आर्सेनिकचा जो पिवळा साका येतो, तोही रासायनिकदृष्ट्या हरताळच. त्यात यलो अमोनियम सल्फाइड घातलं की तो चक्क विरघळतो. तांबं, शिसं मात्र खाली बसून राहतं. हे आपण पाठ करतो, कारण कोणी विचारत नाही. कारण असं : आर्सेनिक आणखी सल्फर ओढून घेतं. एका आर्सेनिकभोवती तीन सल्फर आणि तीन ऋणभार, हा थायोआर्सेनाइट. रिएजंटचा पिवळेपणा जादा सल्फरमुळे असतो; त्यातला चौथा सल्फर मिळाला की थायोआर्सेनेट. भार आला म्हणून पाण्यात गेला. आम्ल घाला, वास सुटतो आणि पिवळा साका परत हजर!

निसर्गातही हीच जोडी सापडते : तीन सल्फरवाला गट चांदीबरोबर लालभडक प्रूस्टाइटमध्ये, चार सल्फरवाला तांब्याबरोबर एनार्जाइटमध्ये.

पोथी जपणाऱ्यांना हे माहीत असावंच लागतं. कागदातलं आम्ल मारायला चुन्याचं पाणी वापरतात, आणि अल्कलीत हरताळ विरघळतो. म्हणजे कागद वाचेल, पण दुरुस्ती पुसली जाईल आणि आर्सेनिक पानभर पसरेल. उजेड आणि दमटपणा यांनीही हरताळाचा हळूहळू सोमल होतो, आणि सोमल पाण्यात विरघळतो. घरच्या माळ्यावर आजोबांची पोथी असेल, तर पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. हात धुवा, मगच मेसमध्ये या.