नोकरी बदलली, विमा बदलला, औषधाचे काय?

इस्राएलमध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा १९९५ साली अमलात आला. त्यामुळे नोकरी गेली तरी आपली कुपत खोलिम सुटत नाही. या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ती सर्वत्र नसते याचा विसर पडतो. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आप्तांची स्थिती निराळी आहे. तेथे कामगाराचा विमा मालकाने उतरवावयाचा असतो. दुबईत २०१३ च्या ११ व्या कायद्याने हे बंधनकारक झाले, तर शारजा, अजमान आदी उत्तरेकडील अमिरातींतील खाजगी नोकरांना १ जानेवारी २०२५ पासून. नोकरीबरोबर विमा बदलतो आणि विम्याबरोबर पुष्कळदा औषधही.

आमवात, सोरायसिस, आतड्यांचा क्रोन रोग यांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. अदालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही जिवंत पेशींपासून तयार होणारी जैविक औषधे तिला आवर घालतात. परंतु ती फार महाग असतात. अशा रुग्णास औषध बदलावयास सांगितले, तर प्रथम बदल कोणता हे विचारावे.

औषध तेच, पण कारखाना दुसरा, असा बदल बहुधा भिण्याजोगा नसतो. अशा औषधास बायोसिमिलर म्हणतात. जगातील पहिले अदालिमुमॅब बायोसिमिलर भारतातील झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणले. नॉर्वेत सुमारे ४८० रुग्णांवर झालेल्या इन्फ्लिक्सिमॅबच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात मूळ औषधावरील २६ टक्के, तर बायोसिमिलर घेणाऱ्या ३० टक्के रुग्णांचा रोग बळावला. हा फरक संशोधकांनी आधीच ठरविलेल्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत होता. औषधाची जातच बदलणे मात्र वेगळे. पहिल्याचा गुण येईनासा झाला किंवा ते सोसेनासे झाले, तरच तज्ज्ञ तो निर्णय घेतात.

आमच्या मते खरा धोका बदलात नसून खंडात आहे. दोन विम्यांच्या मध्ये इंजेक्शने चुकली की रोग उसळतो. शिवाय, विशेषतः इन्फ्लिक्सिमॅब दीर्घ खंडानंतर पुन्हा सुरू केल्यास शरीर त्याच औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग गुण कमी येतो, कधी तीव्र प्रतिक्रियाही उद्भवते.

भारतातून गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही औषधे शरीरात सुप्त असलेला क्षय जागा करू शकतात. व्हिसासाठी काढलेला छातीचा एक्स-रे निर्दोष निघाला, एवढ्याने सुप्त क्षय नाही असे सिद्ध होत नाही. त्याची त्वचेची अथवा रक्ताची चाचणी निराळी असते.

म्हणून राजीनामा देण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. औषधाचे व कारखान्याचे नाव, मात्रा, शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि क्षयचाचणीचा अहवाल लेखी मागून घ्यावा. दुबईतील आप्तास पत्र धाडाल किंवा दूरध्वनी कराल, तेव्हा क्षेमकुशलाबरोबर हा कागद घेतला का, एवढेही अवश्य विचारा.