छायाचित्रातले शेकरू लाकडात उतरविताना

सह्याद्रीच्या दाट झाडीत शेकरू दिसते ते बहुधा क्षणभरच. एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतली, झुबकेदार शेपूट पानांआड गेले, की संपले! अशा चपळ जिवाला समोर बसवून त्याची मूर्ती कोरणे ब्रह्मदेवालाच शक्य. आपल्या कारागिराला छायाचित्राचाच आधार घ्यावा लागतो. त्यातून पोस्टकार्डाएवढे चित्र दाराएवढे करून देणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही निघाली आहेत. मग अडचण ती कसली, असे कोणालाही वाटेल. मोठे चित्र छापून घ्यावे, लाकडावर चिकटवावे आणि पटाशी चालवावी!

परंतु गोम येथेच आहे. चित्र मोठे होते. त्यातली माहिती मोठी होत नाही. आणि सागवानाचा तुकडा एकदा तासला गेला की तो पुन्हा जोडता येत नाही.

गोव्याहून निघालेला गेंडा

केवळ चित्रावर विसंबण्याने काय होते, याची एक गोष्ट आपल्या किनाऱ्याशीच निगडित आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडून पोर्तुगीजांना एक गेंडा भेट मिळाला. १५१५ च्या आरंभी तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. त्याचे एक रेखाटन व वर्णन जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी आल्ब्रेख्ट ड्यूरर या थोर चित्रकाराच्या हाती पडले. ड्यूररने गेंडा डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता. तरी त्या आधारावर त्याने चित्र काढले, ते लाकडी ठशावर कोरले गेले, आणि त्याच्या प्रती युरोपभर गेल्या. त्या चित्रात कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या आहेत, आणि मानेच्या मागे पाठीवर एक नसलेले छोटे शिंग उगवले आहे! पुढे दोन शतकांहून अधिक काळ कित्येक कलावंतांनी ते शिंग इमानेइतबारे उतरवून घेतले.

कॅमेरा असे शिंग उगवीत नाही, हे खरे. पण त्याची साक्ष एका डोळ्याची आणि एका जागेवरची असते, हे विसरून चालत नाही.

एका डोळ्याची साक्ष

समजा, जंगलवाटेवर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यासमोर बिबळ्या तोंड करून उभा आहे. त्याचे नाक कॅमेऱ्यापासून १० फुटांवर आणि मागचे फरे १४ फुटांवर आहेत. चित्रात ते फरे नाकाच्या मानाने चौदास दहा या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पाऊणपट होऊन उमटतील. तोच बिबळ्या १०० फुटांवरून टिपला तर हा फरक शेकडा चारावर येईल. उठावाच्या कामात, म्हणजे फळीवर कोरताना, ही जवळची फुगवट कधी शोभूनही दिसते. चौफेर मूर्तीत मात्र तीच मापे घेतली तर मोठ्या डोक्याचा आणि खुरट्या कमरेचा विचित्र प्राणी तयार होतो.

शेकरूच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. ते झाडाच्या शेंड्याकडे आणि आपण जमिनीवर. त्यामुळे बहुतेक छायाचित्रे खालून घेतलेली असतात. पोट भरदार दिसते, डोके मागे सरते, पाठ तर दिसतच नाही. म्हणून मापासाठी दुरून, आणि साधेल तेवढ्या समोरासमोरच्या उंचीवरून घेतलेले, बाजूचे छायाचित्र निवडावे. झेपेचे देखणे छायाचित्र भिंतीवर लावावे. त्यातून डौल घ्यावा, माप घेऊ नये.

ठिपक्यांचा हिशेब

आता छपाईकडे वळू. छायाचित्र म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांगोळी. ६००० आडवे आणि ४००० उभे ठिपके असलेले चित्र इंचाला ३०० ठिपके या दाटीने छापले, तर ते २० इंच रुंद आणि सुमारे १३ इंच उंच होते. पण शेकरूने सगळी चौकट व्यापलेली नसते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याने चौथाई रुंदी घेतली असेल, तर त्याच्या वाट्याला १५०० ठिपकेच आले. त्याला लाकडात ३० इंचांचे, म्हणजे साधारण जिवंत शेकरूएवढे करावयाचे, तर इंचाला ५० ठिपके उरतात. हातभर अंतरावरून बाह्यरेषा आणि अवयवांची ठेवण कळण्यास एवढे पुरते. मिशा, नखे आणि डोळ्याची कड मात्र धुक्यात जाते.

येथे मोह होतो. हल्लीची संगणकयंत्रे अंधूक चित्र चुटकीसरशी लख्ख करून देतात. केसन् केस सुटा दिसू लागतो. पण ते केस कॅमेऱ्याने पाहिलेले नसतात, यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. ड्यूररच्या गेंड्याच्या शिंगाचेच ते भाऊबंद! जेथे चित्र अंधूक आहे तेथे कारागिराने दुसरे चित्र शोधावे.

छापण्यासाठी फ्लेक्सच्या चकचकीत कापडापेक्षा, इमारतींचे नकाशे ज्या रुंद गुंडाळीच्या कागदावर निघतात तो साधा कागद बरा; त्यावर पेन्सिल चालते. प्रती दोन काढाव्यात, आणि दोन्ही काळ्या-पांढऱ्या. शेकरूच्या अंगावर तांबूस-तपकिरी आणि फिकट रंगाचे मोठाले पट्टे असतात, आणि जेथे रंग बदलतो तेथेच अंग वळते असा डोळ्याचा समज होतो. तो समज रंग काढल्याने पुष्कळसा कमी होतो. एक प्रत बाह्यरेषेसाठी गडद काढावी, दुसरी सावलीतले स्नायू उजळून.

दुकानात ‘कागदात बसवा’ या सोयीने चित्र नकळत आक्रसते. म्हणून छापण्यापूर्वी चित्रातच १० सेंटिमीटरची एक रेघ आखून ठेवावी आणि छापून आल्यावर तिच्यावर पट्टी धरावी. रेघ साडेनऊ भरली, तर तो कागद परत करावा.

एक गोष्ट सौजन्याची आणि कायद्याचीही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्रावरून घनाकृती करण्याचा हक्कही त्याच्या मालकाकडेच असतो. तेव्हा परवानगी आधी मागावी. जंगलात तासन्‌तास मान वर करून बसलेल्या माणसाचा तो अधिकारच आहे.

खाका आणि माती

‘योजनेचा खाका’ असे आपण रोज म्हणतो. हा शब्द फारसी. त्याच्या मुळाशी ‘खाक’, म्हणजे धूळ आहे. चित्राच्या रेषांवर सुईने भोके पाडावयाची, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटावयाची, की खालच्या पृष्ठावर ठिपक्यांची रेषा उमटते. जुने चित्रकार असेच चित्र उतरवीत. लाकडासाठी ही रीत आजही नामी आहे. मूळ कागद शाबूत राहतो आणि पुसलेली रेषा पुन्हा उमटविता येते.

पण खाका देतो ती एका बाजूची रेषा. खांदे किती रुंद, शेपूट मुळाशी किती जाड, फांदीच्या पलीकडे गेलेला पंजा कसा वळला आहे, हे कागद सांगत नाही. त्यासाठी गणपती करणाऱ्यांची शाडू माती कामी येते. निरनिराळ्या बाजूंची छायाचित्रे समोर ठेवून आधी मातीचे लहान शेकरू करावे. मातीत चूक झाली तर बोटाने मिटते. लाकडाचा स्वभावही तेथेच विचारात घ्यावा. खाली लोंबणारी शेपटी लाकडाच्या उभ्या रेषेत आली तर टिकते. आडव्या रेषेत आली तर पटाशीच्या एका ठोक्यासरशी तुटावयाची. छायाचित्रातली ऐट कितीही मोहक असो, ठोकळ्याला मानवत नसेल तर ती सोडावी.

आणि जमल्यास एकदा भीमाशंकरच्या रानात जाऊन यावे. शेकरू फार तर दोन क्षण दिसेल. पण अंगाचे वजन सांभाळताना त्याची शेपटी कशी हलते हे ज्याने पाहिले, त्याला छापील कागदावरली कोणती रेषा घ्यावयाची आणि कोणती सोडावयाची हे विचारावे लागत नाही.